घट बसण्यापूर्वी : स्वयंपाकघर आणि परसदार

भाद्रपदाची अखेरची सर ओसरते, सर्वपित्री अमावास्या जवळ येते आणि क्रांती चौकापलीकडे कर्णपुऱ्याच्या मैदानावर यात्रेच्या दुकानांचे बांबू रोवले जाऊ लागतात. कर्णपुऱ्याच्या तुळजाभवानीला नवरात्राचे नऊही दिवस पहाटेपासून अनवाणी भाविकांची रीघ लागते. १८५७ साली बंड करून उठलेल्या येथील घोडदळाच्या सैनिकांना ज्या काळ्या चबुतऱ्यावर देहदंड झाला, तीच ही क्रांती चौकाची जागा. शिवछत्रपतींचा नवा, उंच अश्वारूढ पुतळा तेथे २०२२ साली उभा राहिला. पुतळ्याच्या पायथ्याशी वाहनांचा लोंढा अखंड वाहत असतो. परंतु चौक ओलांडून आतल्या गल्लीत शिरावे, तर अजूनही एखाददुसरे बैठे घर आढळते. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे परसदार. नवरात्रापूर्वीच्या या दिवसांत अशा घरांतून गाद्या-गोधड्या, डबे, पातेली उन्हात येतात, भिंतींवरून हात फिरतो आणि गृहिणीच्या मनात दरवर्षीचाच विचार डोकावतो : यंदा स्वयंपाकघराचे काहीतरी केलेच पाहिजे.

आमच्या घरी हा विचार नऊ वर्षे नुसताच डोकावत राहिला. गतवर्षी मात्र अष्टमीच्या दिवशी परतीचा पाऊस कोसळला आणि पुरणाच्या पातेल्याशेजारी छतातून थेंब पडू लागला. सासूबाईंनी पातेले उचलून बाजूस ठेवले, ओटा पुसला, पुन्हा हात-पाय धुऊन त्या सोवळ्याने उभ्या राहिल्या. नैवेद्यास तासभर उशीर झाला. आरतीनंतर त्या एवढेच म्हणाल्या, "पुढल्या वर्षी देवीला असं ताटकळत ठेवायचं नाही." त्यांचे वय ऐंशीच्या घरात. त्या वाक्याला घरात कोणी उत्तर दिले नाही.

मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही आणि कर्ज काढायचे नाही, या दोन अटी पाळून हाती उरले ते दीड लाख रुपये. तयार कपाटांच्या एका दुकानात सहज विचारणा केली, तेव्हा नुसत्या कपाटांचाच आकडा आमच्या सगळ्या रकमेहून मोठा निघाला. दुकानदाराचा दोष नाही. वस्तू सुबक होती. परंतु त्या कपाटांनी छताची गळती थांबणार नव्हती, की मोरीचे तुंबलेले पाणी वाहते होणार नव्हते. मग पैसा प्रथम जावा कोठे ?

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच 'सूना' सांगितल्या आहेत : चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी माणसाच्या हातून नकळत जीवहत्या घडते, म्हणून त्याने नित्य पंचमहायज्ञ करावेत, असा त्या विवेचनाचा आशय. स्वयंपाक होताच गाईचा घास आणि काकबळी बाजूला काढण्याची रीत भूतयज्ञाच्या याच विचाराशी नाते सांगते. मला मात्र ही पाच नावे पुन्हा वाचताना निराळेच काही जाणवले. ओल, केर, झुरळे, मुंग्या जेथे जमतात आणि गृहिणीचा अर्धा दिवस जेथे जातो, त्या नेमक्या याच जागा. पाट्याच्या जागी मिक्सर आला, उखळ माळ्यावर गेले, चुलीचा गॅस झाला. तरी पाच ठिकाणे तीच राहिली. धर्मशास्त्रकारांनी हे काही दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासाठी सांगितलेले नाही, हे मान्य. तथापि कपाटाच्या दारांचा रंग त्या पाचांत कोठेही नाही, आणि पाण्याचा घडा आहे, एवढे आम्हांला पुरले.

नाथांच्या गावचे पाणी

आपल्या शहरात स्वयंपाकघराचा विचार पाण्यापासूनच सुरू करावा लागतो. पैठणला नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. भगवंताने श्रीखंड्याचे रूप घेऊन बारा वर्षे त्यात कावडीने पाणी भरले, अशी भाविकांची श्रद्धा. तुकाराम बीजेला त्या रांजणाची पूजा होते आणि तो भरण्यास आरंभ होतो. नाथषष्ठीच्या यात्रेची ती नांदीच. त्याच पैठणच्या वरच्या अंगास गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली त्याची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्रार्पण केले आणि जलाशयाला नाव मिळाले नाथसागर. सुमारे पन्नास किलोमीटरवरून, चढावर उपसून आणलेले हे पाणी आपल्या हंड्यात येते. म्हणजे नाथांच्या गावचेच पाणी आपण पितो, आणि वर्षानुवर्षे ते चार-आठ दिवसांआड पीत आलो आहोत. २०२० च्या डिसेंबरात ज्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, तिच्यातील जलवाहिनीचा व्यास अडीच हजार मिलिमीटर आहे. ती आपले काम करील. परंतु घरातील घड्याची व्यवस्था घरानेच करावयाची असते.

माणशी पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला सात-साडेसात लिटर पाणी लागते. पाच माणसांच्या घरी आठ दिवसांचे झाले तीनशे लिटर. आमच्याकडे हे पाणी हंडे, कळशा, बादल्या, पिंप, एवढेच काय पण एका जुन्या दुधाच्या किटलीतही साठविलेले असे आणि त्यातून वाट काढत स्वयंपाक चाले. कोनाड्याखालची जागा मोकळी करून तेथे दगडी बैठकीवर तोटीची दोन झाकणबंद पिंपे बसविली आणि पूजेच्या व पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याचा हंडा त्यांच्याशेजारी, थोडा उंचावर ठेवला. यास खर्च फारसा आला नाही. पाणी ओतून घेण्याऐवजी तोटीने घ्यावयाचे, त्यामुळे आत हात बुडत नाही; सोवळ्याचा हेतूही साधतो आणि आरोग्याचाही. साठविलेल्या पाण्याचा एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, अशा स्वच्छ साठवणीतच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडे रिकामे करून, आतून घासून, कोरडे करावे. आमच्याकडे तो वार शनिवार ठरला आहे.

आता सांडपाण्याचे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या बळावर या शहरात आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. ज्या गावात चारशे वर्षांपूर्वी उताराचे गणित असे साधले गेले, त्याच गावात आमच्या मिस्त्रींना दहा फुटांचा उतार साधेना ! अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर काम सुरू झाले. महिन्यात होईल असा शब्द होता, तो आषाढीपर्यंत लांबला. नवी फरशी बसली, कौतुकाने पहिल्यांदा धुतली आणि सगळे पाणी मोरीकडे जाण्याऐवजी देवघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, वापरात आली की बसेल फरशी, मग जाईल पाणी." फरशी वापराने बसत नसते, हे सांगण्यास अभियंता लागत नाही. अर्धी फरशी उखडून पुन्हा घालावी लागली. सिमेंट त्यांचे, फरशी आमची, असा तोडगा निघाला. ज्यांच्या घरी असे काम निघावयाचे आहे, त्यांनी दर दहा फुटांस सव्वा इंच उतार ओळंब्या-दोरीने मोजून घ्यावा आणि सिमेंट ओले असतानाच तांब्याभर पाणी ओतून पाहावे. फरशी, नळ आणि मोरीची नाली मिळून आमचे एकेचाळीस हजार रुपये गेले. त्याआधी छताची गळती काढण्यास अडतीस हजार लागले होते. दीड लाखातील निम्म्याहून अधिक रक्कम अशी डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत गेली, आणि पाहुण्यांनी विचारले, "मग नवीन काय केलंत ?" तेव्हा दाखवावयास काही नव्हते.

ओटा, अग्नी आणि आग्नेय दिशा

जुना कडाप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवावे, असे सर्वांचे म्हणणे पडले. आम्ही ओटा ठेवला. कडाप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, आमसुले यांच्या आंबटपणाने त्याचा तुकतुकीतपणा जातो आणि पांढरट डाग पडतात. देवाची पितळी भांडी चिंचेने ओट्यावरच घासण्याची आमची सवय त्यास कारण. दगडास घासून झिलई दिली, सांधे भरून घेतले, मागच्या भिंतीला दोन फुटांपर्यंतच टाइल लावली. आणि भांडी आता मोरीत घासली जातात. ओट्याची उंची मात्र बदलली. उभ्याने काम करणारीच्या कोपरापासून चार बोटे ते वीतभर खाली ओटा असावा, हा साधा ठोकताळा. सासूबाई ठेंगण्या, मी उंच. म्हणून माझ्यासाठी ओटा दोन इंच उचलला आणि त्यांच्यासाठी खिडकीखाली एक बुटका दगडी बाक बांधला. त्या बाकावर मांडी घालून बसूनच त्या फुलवाती वळतात आणि पुरणही वाटतात. घरातील सर्वांत सुखाची जागा आता तीच आहे.

गॅसविषयी थोडे. स्वयंपाकाचा वायू हवेहून जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो. यास्तव खिडकी असली तरी भिंतीच्या तळाशी जाळीचा झरोका हवा. सिलिंडर नेहमी उभा असावा, शेगडी त्याच्याहून उंच जागी असावी आणि नळी पाच वर्षांनी बदलावी. झरोका पाडण्यास एका दिवसाची मजुरी लागली, आणि देवीसमोर नऊ दिवस अखंड दिवा ज्या घरात तेवतो, तेथे ती खर्च न करणे हा शुद्ध अविचार होय.

स्वयंपाकघर आग्नेयेस असावे, पाणी ईशान्येस असावे, हा वास्तुशास्त्राचा संकेत. आमचे स्वयंपाकघर आहे नैर्ऋत्येस. एका हितचिंतकांनी भिंती पाडून ते हलविण्याचा सल्ला दिला. पावसाळी वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून वाहतो; आग्नेयेची चूल असली म्हणजे धूर घराबाहेर जातो आणि सकाळचे ऊन स्वयंपाकावर येते, असे त्या संकेताचे एक जुने स्पष्टीकरण आहे. ते पटते. परंतु सारी पुंजी भिंती पाडण्यात घालून गळके छत तसेच ठेवावयाचे, हे कोणत्या शास्त्रात बसते ? आम्ही खोली हलविली नाही. खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात शेगडी ठेवली, स्वयंपाक करताना तोंड पूर्वेस येईल अशी योजना केली आणि पूर्वेच्या भिंतीत एक हातभर खिडकी काढली. गुरुजींनी ते पाहून मान डोलावली. नवी वायरिंग आणि दिवे अकरा हजारांत झाले.

आड बुजवावा की राखावा ?

खरा वाद झाला तो परसदारावरून. आमचे परसदार बारा फूट रुंद, वीस फूट लांब. त्यात तुळशीवृंदावन, एक वाळलेली जास्वंद, धुण्याचा दगड आणि कोपऱ्यात जुना आड. गेल्या पिढीत त्या आडावर रहाट होता. नळ आला, आडावर पत्रा पडला, पुढे त्यात निर्माल्य जाऊ लागले, मग फुटकी भांडी, आणि अखेरीस कोणी त्याच्याकडे पाहीनासे झाले. चिरंजीवांचा प्रस्ताव असा, की आड भरून टाकावा, तुळस कुंडीत घालून ओसरीत आणावी आणि सगळ्या परसदाराला सिमेंटचा कोबा करून मोटारसायकली मागे लावाव्यात. मिस्त्रींनी खर्चही सांगितला. तो स्वस्त होता, हे नाकारून चालणार नाही. सफाईला सोपे, चिखल नाही, विंचू-काट्याचे भय नाही.

सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालून आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बाळ, मी या घरात आले तेव्हा वेशीतून ओलांडून आधी या आडाची पूजा केली होती. तुला बुजवायचा असेल तर बुजव. पण माझ्यासमोर नको." आडावर जलदेवतेची पूजा हा आपल्याकडील लग्नकार्यातला, बारशातला कुळाचार, बाळंतीण बाराव्या दिवशी आडाला हळदीकुंकू वाहते. चिरंजीव नास्तिक नाहीत, हिशोबी आहेत. त्यांनी कागद घेऊन हिशोब मांडला, आणि त्या हिशोबानेच त्यांचे मत बदलले.

आपल्या भागात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. स्वयंपाकघराची गच्ची आणि मागच्या पडवीचा पत्रा मिळून तीनशे चौरस फूट, म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटर. एवढ्यावर वर्षात साडेएकोणीस हजार लिटर पाणी पडते. उडून जाणारे, वाया जाणारे वगळले, तरी पंधरा हजार लिटर हाती लागू शकते. टँकरच्या पाण्याचे पैसे ज्यांनी मोजले आहेत, त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. आड बुजविण्याऐवजी उपसून घेतला. चार माणसे तीन दिवस गाळ काढीत होती. त्यात पितळेची एक घागर आणि मोजून सतरा नारळ निघाले. बावीस हजार लागले. छताची पन्हळ, नळ आणि वाळू-खडी-कोळशाची गाळणी यांस आठ हजार. पहिल्या दोन पावसांचे घाणेरडे पाणी बाहेर सोडून द्यावयाचे, नंतरचे गाळणीतून आडात. तोंडावर लोखंडी जाळी बसविली आणि निर्माल्य त्यात टाकण्यास घरातील सर्वांना सक्त मनाई झाली. या श्रावणात आडात पुरुषभर पाणी आले. ते जड आहे, पिण्याचे नव्हे. पण धुण्याला, फरशीला, झाडांना ते पुरते आणि नळाचे पाणी त्या मानाने वाचते. आडाभोवतीची जमीन उघडीच ठेवली. कोबा केला तो फक्त धुण्याच्या दगडापाशी. मोटारसायकली पूर्वीप्रमाणे ओसरीसमोर उभ्या राहतात, आणि चिरंजीवांची त्याबद्दलची कुरकुरही पूर्वीप्रमाणेच चालू आहे.

मोरीच्या पाण्याला आपल्या पूर्वजांनी केळ, अळू आणि कर्दळ ही झाडे नेमून दिली होती, त्यात मोठा अनुभव आहे. ही तिन्ही झाडे भरपूर पाणी पितात, थोडाफार साबणही सोसतात आणि डबके साचू देत नाहीत. केळीचे पान नैवेद्याला, अळू श्रावणातल्या फतफत्याला. तुळशीला मात्र सांडपाण्याचा थेंबही देऊ नये. धर्मदृष्ट्या तर नाहीच, परंतु तिच्या मुळांशी पाणी तुंबले की ती कुजते म्हणूनही. वृंदावन आम्ही वीतभर उंच उचलून घेतले. खालच्या ओळीत झेंडू, दूर्वा, गवती चहा आणि कढीलिंब. वाळलेली जास्वंद छाटली, तर तिला पालवी फुटली. रोपे बहुतेक शेजारपाजाऱ्यांकडून मागून आणली. परसदाराच्या शोभेवर याहून अधिक खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च करावयाचा तो पाणी येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर.

रंग शेवटी दिला. भिंतींना चुना, त्यात चिमूटभर नीळ. शेजारणी म्हणतात, एवढे पैसे घालून पुन्हा चुनाच ? पण चुन्याची भिंत ओल धरून ठेवीत नाही आणि दरवर्षी नवरात्रापूर्वी आपल्या हातांनी पुन्हा देता येते. कपाटे नाहीतच. जुन्या फडताळाला जाळीची दारे लावली आणि मांडणी घासून तिथेच ठेवली. सर्व मिळून हिशोब दीड लाखाच्या आत बसला. अडीचशे रुपये उरले, त्यांची देवीसाठी खणा-नारळाची ओटी आणली.

घटाची काळी माती दरवर्षी गुलमंडीवरून विकत येत असे. यंदा सासूबाईंनी खुरपे मागितले. मी केळीच्या आळ्यापाशी वाकले, तोच त्यांनी थांबविले. "तिथं खरकट्याचं पाणी जातं, ती नाही चालायची." आडाच्या पूर्वेस, जेथे केवळ पावसाचे पाणी मुरते, तेथून त्यांनी स्वतः चार ओंजळी माती काढली, चाळली, खडे वेचले. ती माती आता परडीत, ओसरीतल्या उन्हात वाळत आहे, आणि सप्तधान्याची पुडी देवघरातल्या कोनाड्यात ठेवली आहे.